दुःख आपलं आहे, त्याचा दाखला मागू नका

(पुनावळे इथे २६ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या तरुणांच्या बैठकीतलं भाषण)



चाकणची शिफ्ट संपवून, पुनावळ्याच्या अंडरपासमधली गर्दी पार करून तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार. आज संविधान दिन आहे. १९४९ साली याच तारखेला संविधान स्वीकारलं गेलं. आणि २००८ साली याच तारखेला रात्री मुंबईवर हल्ला झाला. दुसऱ्या घटनेबद्दल बोलायला मला सांगितलंय, पण शेवटी पहिल्या घटनेकडे यावंच लागेल.

तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा बालवाडीत किंवा प्राथमिक शाळेत असतील. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. म्हणून आधी थोडक्यात काय घडलं ते सांगतो. पाकिस्तानातून समुद्रमार्गे दहा जण आले. सीएसटी स्टेशन, लिओपोल्ड कॅफे, कामा रुग्णालय, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि कुलाब्याचं नरिमन हाऊस ही ठिकाणं त्यांनी लक्ष्य केली. दोन हॉटेलांत आणि नरिमन हाऊसमध्ये लोक अडकले, ओलीस धरले गेले. ताजमधला शेवटचा हल्लेखोर मारला गेला तो २९ तारखेच्या सकाळी. १६६ माणसं गेली, सुमारे तीनशे जखमी झाली. नरिमन हाऊसमध्ये ज्यू धर्मगुरू आणि त्यांची गरोदर पत्नी मारली गेली. त्यांचं दोन वर्षांचं मूल वाचलं, कारण त्याला सांभाळणाऱ्या बाईने त्याला उचलून बाहेर पळ काढला.

देशाने हे सगळं टीव्हीवर पाहिलं. ताजच्या घुमटातून निघणारा धूर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहिला. पण एका ठिकाणी सगळ्यात जास्त माणसं गेली, ती सीएसटीवर. पन्नासहून जास्त. ते लोक लांब पल्ल्याच्या गाडीची वाट बघत सामानावर बसलेले होते. युपी-बिहारला निघालेले मजूर, त्यांच्या बायका, मुलं. तिथे तीन दिवस कॅमेरे लागले नव्हते. त्यामुळे त्यांच्या वाट्याला दुःखही कमी आलं. एकूण मृतांमध्ये सुमारे चाळीस जण मुसलमान होते. मारणाऱ्यांनी धर्माचं नाव घेतलं आणि गोळ्या झाडताना समोर कोण आहे हे पाहिलंही नाही.

हा आकडा मी एका कारणासाठी सांगतोय. २६/११ चा विषय निघाला की आपल्यातला एखादा मुलगा अंग चोरून बसतो. त्याला वाटतं, ही चर्चा आपल्याविरुद्ध आहे. तर लक्षात घ्या, त्या रात्री आपल्याही घरांतून जनाजे निघाले. हा शोक आपला आहे. आणि चाळीसच्या जागी एकही मुसलमान गेला नसता, तरीही तो आपलाच असता. कारण ते शहर आपलं आहे, तो फलाट आपला आहे.

आता लोकांच्या रागाबद्दल. ३ डिसेंबरला गेटवे ऑफ इंडियासमोर हजारो लोक जमले. हातात मेणबत्त्या, फलक, तिरंगा. त्यांचा राग पाकिस्तानवर होता, तसाच आपल्या राज्यकर्त्यांवर होता. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील आधीच पायउतार झाले होते. राज्यात गृहखातं सांभाळणारे उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील गेले. मुख्यमंत्री विलासराव देशमुख जळालेलं ताज बघायला गेले, तेव्हा सोबत मुलगा आणि एक सिनेदिग्दर्शक होता. लोक भडकले, त्यांनाही जावं लागलं.

पुढे काय झालं? २००९ च्या मे महिन्यात विलासराव केंद्रात मंत्री झाले. त्याच वर्षी विधानसभा निवडणुकीनंतर आर. आर. पाटील पुन्हा राज्याचे गृहमंत्री झाले. मला त्या दोघांवर टीका करायची नाही, दोघेही आज हयात नाहीत. मुद्दा असा की रागाला राजीनामा मिळाला आणि राग शांत झाला. पोलिसांची हत्यारं, जाकिटं, कंट्रोल रूमचं काम, किनाऱ्यावरची गस्त, हे प्रश्न मेणबत्तीच्या उजेडात दिसत नाहीत. त्यासाठी कागद मागावे लागतात.

ते कागद कोणी मागितले? आपल्या पुण्यातल्या विनिता कामटे यांनी. त्यांचे पती अशोक कामटे कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत शहीद झाले. हेमंत करकरे आणि विजय साळसकरही तिथेच गेले. आपला माणूस तिथे कसा पोहोचला, मदत वेळेवर का आली नाही, हे कोणी नीट सांगेना. तेव्हा त्यांनी माहिती अधिकारात अर्ज केले, कंट्रोल रूमच्या नोंदी मिळवल्या, त्या मिनिटामिनिटाने लावल्या आणि २००९ मध्ये पुस्तक लिहिलं. कविता करकरे यांनीही पतीच्या बुलेटप्रूफ जाकिटाचं काय झालं, हा प्रश्न लावून धरला. या दोन बायकांपेक्षा जास्त दुःख आणि जास्त राग कोणाला असणार? तो राग त्यांनी शेजाऱ्यावर काढला नाही. ज्याला उत्तर देणं भाग होतं, त्याच्याच टेबलावर नेऊन ठेवला.

सरकारने राम प्रधान यांची समिती नेमली. तेव्हा मुंबईचे पोलीस आयुक्त हसन गफूर होते. समितीने शिपायांच्या धैर्याचं कौतुक केलं आणि आयुक्तांच्या नेतृत्वावर बोट ठेवलं. ते बोट आयुक्तावर होतं, गफूर या नावावर नव्हतं. जबाबदारी अशीच खुर्चीला विचारायची असते. हे आपल्यालाही लागू आहे. चुकलेला अधिकारी आपल्या नावाचा असला म्हणून त्याला पाठीशी घालायचं नाही.

आता थोडी अवघड गोष्ट. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांचे मृतदेह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात होते. मरीन लाइन्सचं बडा कब्रस्तान सांभाळणाऱ्या ट्रस्टने सांगितलं, आमच्या जमिनीत यांना जागा देणार नाही. इतर मुस्लिम संघटनांनीही त्याला पाठिंबा दिला. ९ डिसेंबरला बकरी ईद होती. अनेकांनी काळ्या फिती लावून नमाज पढली. ते मृतदेह वर्षभराहून जास्त काळ तसेच राहिले. जानेवारी २०१० मध्ये सरकारने गुपचूप दफन केलं आणि एप्रिलमध्ये तसं विधिमंडळात सांगितलं.

दफन नाकारणं आपल्याकडे साधी गोष्ट नाही. मय्यत कोणाचीही असो, तिला माती देणं हे कर्तव्य मानलं जातं. म्हणून त्या निर्णयावर तेव्हाही वाद झाला. मी त्याच्याकडे असं पाहतो: त्यात दोन आवाज होते. एक आवाज संतापाचा होता, ‘आमच्या शहरातली माणसं मारणारे आमचे कोणी नव्हेत.’ हा आवाज खरा होता आणि मला त्याचा अभिमान आहे. दुसरा आवाज भीतीचा होता, ‘बघा, आम्ही तसे नाही, आमच्यावर विश्वास ठेवा.’ हा आवाजही समजण्यासारखा आहे. १९९२-९३ पाहिलेल्या शहराला तो समजावून सांगायला नको. पण तुमच्या पिढीने हे दोन आवाज वेगळे ओळखायला शिकावं. पहिला ठेवा. दुसरा हळूहळू सोडा. शोक करणारा नागरिक वेगळा आणि पिंजऱ्यात उभा राहून साक्ष देणारा आरोपी वेगळा.

एप्रिलमध्ये पहलगाम झालं. २६ जण गेले, त्यात महाराष्ट्रातले सहा, आपल्या पुण्यातले दोन. पर्यटकांना घोड्यावरून नेणारा एक स्थानिक मुसलमान तरुणही मारला गेला. दुसऱ्या दिवशी काश्मीर बंद होतं, तिथल्या वर्तमानपत्रांची पहिली पानं काळी होती. त्या आठवड्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मला एकाने विचारलं, ‘तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे?’ मी म्हटलं, ‘माझे लोक म्हणजे पुणेकर. ते फार दुःखात आहेत.’ तो गप्प बसला, मग म्हणाला, ‘बरोबर आहे.’ त्याचा हेतू वाईट नव्हता, प्रश्न वाईट होता. असा प्रश्न तुम्हालाही येईल. चिडू नका, दबूही नका.

पण आपल्या घरातही झाडू मारायला हवा. करकरे मालेगाव स्फोटाचा तपास करत होते, म्हणून त्यांना कोणीतरी वेगळ्यांनीच मारलं, असे मेसेज आपल्याच ग्रुपवर अजून फिरतात. खटला पूर्ण चालला. करकरे, कामटे, साळसकर यांना कसाब आणि अबू इस्माईलने मारलं, हे न्यायालयांनी मानलं. आपल्याला आवडणारी कहाणी खरी असावी असं वाटणं वेगळं आणि ती खरी असणं वेगळं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बग सापडला की आधी लॉग बघायचा, मग बोलायचं, एवढंच आमचं शास्त्र. इथे न्यायालयाचा निकाल हाच तो लॉग आहे. करकरेंवर खरं प्रेम असेल तर त्यांच्या मृत्यूची अफवा करू नका.

फॉरवर्डबद्दल आणखी एक. हल्ला चालू असताना वाहिन्या सगळं थेट दाखवत होत्या आणि पलीकडे बसलेले सूत्रधार तेच बघून फोनवर हल्लेखोरांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्यावर कडक ताशेरे ओढले. तेव्हा कॅमेरा वाहिन्यांकडे होता, आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे.

आता संविधानाकडे. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे साताऱ्याजवळच्या केडंबे गावचे. हातात फक्त लाठी. गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरली आणि गोळ्या लागूनही सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला, म्हणून खटला चालला. जनतेला तर तेव्हा लगेच फाशी हवी होती. वकिलांनी वकीलपत्र घ्यायला नकार दिला, नेमलेल्या वकील बाईंच्या घरावर जमाव गेला. तरी खटला झाला, उच्च न्यायालय झालं, सर्वोच्च न्यायालय झालं. तिथे दोन न्यायमूर्तींपैकी एक होते आफताब आलम. फाशी कायम झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला ती इथे, पुण्यात, येरवड्याला दिली गेली.

त्याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते, दोघेही भारतीय मुसलमान. त्यांच्यावर आरोप होता हल्ल्यासाठी नकाशे दिल्याचा. पुरावा टिकला नाही. विशेष न्यायालयाने त्यांना या खटल्यातून निर्दोष सोडलं आणि वरच्या दोन्ही न्यायालयांनी ते कायम ठेवलं. एकाच निकालाने एकाला फाशी दिली आणि दोघांना सोडलं. जमावाला हे जमत नाही. जमाव तिघांनाही एकाच नजरेने पाहतो.

आणि सरकारही कधीकधी जमावाच्या वेगाने धावतं. हल्ल्यानंतर महिन्याभराच्या आत संसदेने एनआयएचा कायदा केला आणि यूएपीए आणखी कडक केला. आरोपपत्राशिवाय १८० दिवसांपर्यंत कोठडी, जामीन जवळपास अशक्य. तेव्हा फार थोड्यांनी प्रश्न विचारले, कारण सगळे रागात होते. त्या तरतुदी आजही आहेत. रागाच्या भरात केलेला कायदा राग ओसरल्यावर मागे जात नाही.

तर माझं मागणं साधं आहे. पुढे कधी असं काही घडलं (अल्लाह न करो), तर निषेधाचं पत्रक लिहिण्याआधी ज्याच्या घरी माणूस गेलंय त्याच्या घरी जा. गेलेल्यांमध्ये आपले किती, हे मोजू नका. ‘पण अमुक वेळी तुम्ही कुठे होता’ हे त्या दिवशी म्हणू नका, ते बोलायला नंतर खूप दिवस आहेत. खात्री नसलेला एकही मेसेज पुढे पाठवू नका. आणि महिन्याभराने, सगळे विसरले की, माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. तो मराठीत लिहिता येतो, फी दहा रुपये आहे. कसा लिहायचा ते चहानंतर मी दाखवतो.

आधी गेलेल्या सगळ्यांसाठी दोन मिनिटं उभे राहू. मग तुमचे प्रश्न घेऊ.