गाणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न

(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला शेतीमालाचे भाव हा विषय दिला होता. तो मी त्यांच्या संमतीने बदलून घेतला, याला कारण एका विद्यार्थ्याचा प्रश्न. गेल्या महिन्यात तुळजापूरला आपल्या एका कार्यकर्त्याच्या घरी जागरण-गोंधळ होता. संबळ वाजविणारा विशी-बाविशीचा मुलगा पहाटे माझ्याजवळ येऊन बसला. बी.ए.च्या शेवटच्या वर्गात आहे, विषय अर्थशास्त्र. म्हणाला, "सर, संगीतात चांगलं कमावता येतं का? का पोलीस भरतीचा फॉर्म भरू?" तेहतीस वर्षे मी अर्थशास्त्र शिकविले, परंतु या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. महिनाभराने सांगतो, असे मी त्याला म्हणालो. तो मुलगा आज येथे मागच्या रांगेत बसला आहे.

आमच्या शास्त्राच्या आद्य पुरुषांनी गायकाला फार मान दिला आहे असे नाही. ॲडम स्मिथने 1776 साली गवई, नट आणि विदूषक यांना एकाच ओळीत बसवून त्यांचे श्रम अनुत्पादक ठरविले. कारण त्यांचे काम ज्या क्षणी होते त्याच क्षणी नष्ट होते. मार्क्सने मात्र अधिक नेमका प्रश्न विचारला. गाणारी स्त्री स्वतःच्या आनंदासाठी गाते, स्वतःचे गाणे स्वतः विकते, की कोणा कंत्राटदाराच्या नफ्यासाठी गाते, यावर तिचे आर्थिक स्थान ठरते, असे त्याचे म्हणणे. गाणे तेच राहते, संबंध बदलतात. आजच्या विषयाची किल्ली मला येथे सापडते. संगीतातून चांगले जीवन मिळते की नाही, हे गळ्यावर आणि बोटांवर जेवढे अवलंबून असते त्याहून अधिक ते या संबंधांवर अवलंबून असते.

आपल्या मुलखातील हे संबंध जुने आहेत. गावगाड्यात बलुतेदारांच्या खाली अलुतेदारांची गणना होत असे, आणि त्या यादीत गोंधळी, वाजंत्री, घडशी व कलावंत अशी संगीताशी निगडित चार नावे आढळतात. सुतार-लोहाराशिवाय नांगर चालत नाही, म्हणून त्यांचा वाटा ठरलेला. वाजविणाऱ्यावाचून पेरणी अडत नाही, म्हणून त्याचा वाटा देणाऱ्याच्या मर्जीचा. तुळजाभवानीच्या उपासनेतील कदमराई गोंधळी काय किंवा माहूरच्या रेणुकेचे रेणुराई गोंधळी काय, त्यांना देवीच्या नावाने मान मिळाला, ओवाळणी मिळाली; मजुरी मिळाली नाही. आजही आपण 'बिदागी' म्हणतो. शब्द गोड आहे, पण त्यात हक्काचा लवलेश नाही.

हलगीची गोष्ट याहून कडू आहे. तेथे वाजविणे ही कला मानलीच गेली नाही. ते जातीवर लादलेले काम होते. गावकीची अपमानास्पद कामे सोडा, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आदेश मानून अनेकांनी वाद्य खाली ठेविले, आणि ते योग्यच केले. म्हणून 'संगीतात करिअर' हे शब्द सर्व घरांत एकच अर्थाने उच्चारले जात नाहीत. एका घरी बाप मुलाला तबल्याच्या क्लासला घालतो. दुसऱ्या घरी बाप मुलाच्या हातातील हलगी काढून घेतो, आणि दोघेही मुलाच्या भल्याचाच विचार करीत असतात. सांस्कृतिक वारसा जपण्यावर व्याख्याने देणाऱ्यांनी या दुसऱ्या बापाशी एकदा बोलावे.

1972 च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा होतो. खडी फोडण्याच्या कामावर लोकांच्या रांगा लागत. त्या रांगेत आमच्या गावी नवरात्रात संबळ वाजविणारे काका मी पाहिले. हाताला फडके बांधलेले. त्या वर्षी गावात लग्ने झाली ती अक्षतांपुरती. गोंधळ कोणी घातला नाही. पुढे या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 1979 पासून अमलात आला. खोदण्याच्या कामाची हमी राज्याने घेतली, हे आपल्या चळवळीचे मोठे यश. पण त्या काकांचे खरे कौशल्य कोणत्याही हजेरीपटावर चढले नाही. आजही स्थिती फारशी निराळी नाही. सोयाबीनचा भाव पडला की लग्नाच्या यादीतून पहिली काट गोंधळावर बसते, मंडपावर नाही. म्हणजे, संयोजकांची क्षमा मागून सांगतो, शेतीमालाच्या भावापासून मी फार दूर गेलेलो नाही.

आता या मुलाचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत. समजा, पाच जणांच्या संचाला एका रात्रीची सुपारी 15,000 रुपयांची मिळाली. जीपचे डिझेल, संबळाची कातडी आणि किरकोळ खर्च मिळून 3,000 गेले. उरलेल्या 12,000 मधून प्रत्येकी 2,400 वाटणीला येतात. ऐकणाऱ्याला वाटते, एका रात्रीत एवढे! परंतु तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंतचा हंगाम, नवरात्रातील काही दिवस आणि एरवीचे नवस धरून वर्षाला चाळीस रात्री मिळाल्या, तर वर्षाचे 96,000, म्हणजे महिन्याला 8,000 रुपये. त्यात आजारपण नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, अपघाताचा विमा नाही, आणि पहाटे परतताना जीपचा चालक जागा असेल याची हमी नाही. रोजाचा दर पाहून कलावंत सुखी आहे असे म्हणणाऱ्याने बारा महिन्यांचा हिशेब करावा.

बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी 1966 साली या दुखण्याचे निदान केले आहे. यंत्रामुळे कारखान्यात आणि शेतात एका माणसाचे उत्पादन वाढते, मजुरी वाढते. पण मैफलीला पूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. नांगरटीचे दिवसाचे काम ट्रॅक्टर तासावर आणतो. गोंधळाला मात्र पाच माणसे आणि रात्र लागतेच. म्हणून जिवंत संगीत इतर वस्तूंच्या मानाने महाग होत जाते, आणि यजमान डीजेकडे वळतो. तेथे एक माणूस, एक यंत्र, आणि आवाजाला मर्यादा नाही. डीजेवर राग काढून उपयोग नाही. तोही बहुधा कर्ज काढून भोंगे घेतलेला बेकार तरुण असतो.

मग या क्षेत्रात पैसा कोणालाच मिळत नाही काय? मिळतो, आणि अफाट मिळतो. मार्शलने आपल्या ग्रंथात मिसेस बिलिंग्टन या इंग्रज गायिकेचा दाखला दिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिने एका हंगामात 10,000 पौंड मिळविले. मानवी आवाज पोहोचण्यास मर्यादा असल्याने यापुढे कोणी फारसे जाणार नाही, असा त्याचा तर्क होता. ध्वनिमुद्रणाने तो खोटा ठरविला. 1981 साली शेर्विन रोझेन यांनी दाखविले की आवाज अमर्याद पोहोचू लागला की किंचित सरस असलेल्याकडे जवळजवळ सारी बाजारपेठ जाते. मोबाइलवर गाणे फुकट मिळू लागल्यापासून हे आणखी तीव्र झाले आहे. दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत जिंकणारा एक मुलगा आपल्याला दिसतो. तालुक्यातून परतलेली पोरे दिसत नाहीत.

मधली एक वाट आहे, तीही सांगितली पाहिजे. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून राजाश्रयाऐवजी विद्यार्थ्यांच्या फीवर संगीताची संस्था उभी करण्याचे धाडस केले. त्या परंपरेतील परीक्षांमुळे आज तालुक्याच्या गावीही गायन, हार्मोनियम आणि तबल्याचे वर्ग चालतात, आणि विशारद झालेला शिक्षक शिकवण्या, भजनी मंडळे व कीर्तनाची साथ यांवर संसार चालवू शकतो. आकाशवाणीची श्रेणी मिळाली तर आणखी प्रतिष्ठा. हे उत्पन्न मध्यम असते, पण नियमित असते. तथापि संबळाचा वर्ग मी आपल्या जिल्ह्यात अद्याप पाहिलेला नाही. जे ज्ञान प्रमाणपत्रात बसत नाही त्याची फी घेता येत नाही.

कॅसेटचा काळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तुळजापूरच्या प्रत्येक दुकानात आराधी गीतांच्या कॅसेटी वाजत. माझ्या एका विद्यार्थ्याच्या चुलत्यांनी त्या काळी एका कंपनीला एकरकमी मोबदल्यावर गाणी दिली. मधल्या काळात चुलते वारले. पुतण्याने त्यांचा आवाज वर्षश्राद्धाच्या चित्रफितीला जोडून इंटरनेटवर टाकला, तेव्हा त्याला हक्कभंगाची सूचना आली. कायद्याच्या दृष्टीने यात चूक काढणे कठीण आहे. परंपरागत गीताला कर्ता नसतो, ध्वनिमुद्रणाला मात्र मालक असतो. 1957 च्या स्वामित्व हक्क कायद्यात गाणाऱ्याला हक्कच नव्हता. तो 1994 च्या दुरुस्तीने आला, आणि व्यापारी वापराच्या स्वामित्वधनातील वाटा 2012 च्या दुरुस्तीने. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांच्या स्वामित्वधनाचा आग्रह धरला, त्यावरून महंमद रफींशी त्यांचा अबोला झाला. जी गोष्ट मागताना त्यांना एवढे झगडावे लागले ती आराधी गायकाने एकट्याने कशी मागावी?

एकट्याने मागू नये, हेच त्याचे उत्तर. अमेरिकेत पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली वादकांच्या संघटनेने 1 ऑगस्ट 1942 पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. ऐन युद्धात. वर्तमानपत्रांनी शिव्या घातल्या, सरकारने दडपण आणले. दोन वर्षांहून अधिक काळाने, 1944 च्या नोव्हेंबरात, शेवटच्या दोन मोठ्या कंपन्या नमल्या, आणि विकल्या जाणाऱ्या तबकडीमागे एक रक्कम संघटनेच्या निधीत येऊ लागली. त्यातून बेकार वादकांना पैसे देऊन जनतेसाठी विनामूल्य कार्यक्रम केले गेले. यंत्राने हिरावलेल्या मजुरीतील काही भाग यंत्राच्याच नफ्यातून परत घेतला गेला.

आणि आपण काय केले? लाल बावटा कलापथकाचे अमर शेख आपल्या शेजारच्या बार्शीचे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले यांच्यासारखी माणसे पुढे आली. त्यांच्या गाण्याबजावण्यावर आपल्या सभा भरल्या. पण निळू फुले त्या काळात पुण्याला माळ्याची नोकरी करीत होते, हे आपण कौतुकाने सांगतो आणि त्यातला अर्थ विसरतो: चळवळीतील कलावंताचे पोट चळवळ भरत नव्हती. त्यागाच्या त्या पिढीला माझा नमस्कार आहे. परंतु जो गाण्यावर जगतो त्याच्याकडूनही आपण तोच त्याग वसूल करतो. तरुणपणी मी स्वतः एका मेळाव्यात शाहिराला शाल, श्रीफळ आणि एस.टी.चे भाडे दिले होते. ते शांतपणे म्हणाले, "सर, ही अकरावी शाल. दुकानदार परत घेत नाही." मी हसलो होतो. ते हसले नव्हते.

सरकारही शालच देते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. 2002 च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांनी भागविले. नंतर त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला. वृद्ध कलावंतांचे मानधन 2024 पासून दरमहा 5,000 रुपये झाले, ते स्वागतार्ह आहे. पण ते उतारवयाचे. तिशीतल्या वादकाचे काय?

यावर महाराष्ट्राने आपल्याच भूमीत एक तोडगा काढलेला आहे. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका आडतीवर, दुपारी दुसऱ्या. म्हणून त्याला कामगार कायदे लागू होत नाहीत असे म्हटले जाई. 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापून हा पेच सोडविला: हमालाची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही व्यापाऱ्याने भरावयाची, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी. गोंधळी, बँडवाला, हलगीवादक, कीर्तनातील मृदंगवाला यांची आर्थिक अवस्था तंतोतंत हीच आहे. मालक अनेक, म्हणून जबाबदार कोणीच नाही. मंगल कार्यालयाच्या बिलावर, यात्रा-उत्सवांच्या आणि सरकारी महोत्सवांच्या खर्चावर अल्पशी लेव्ही बसवून जिल्हा कलावंत मंडळ का निघू नये? अडचणी मला ठाऊक आहेत. घरोघरच्या लग्नाची नोंद ठेवणे बाजार समितीतील पोत्यांची नोंद ठेवण्याइतके सोपे नाही. परंतु हमालांच्या बाबतीतही हे अशक्य आहे असेच व्यापारी सांगत होते.

मागच्या रांगेतील मित्राला माझे उत्तर असे. भरतीचा फॉर्म भर. आज तुला कोणी याहून निराळा सल्ला दिला तर तो तुझ्या जिवावर उदार होत आहे. संबळ सोडू नकोस, आणि यापुढे सुपारी घेताना रक्कम, वेळ, प्रवासखर्च आणि चित्रण कोणाच्या मालकीचे हे एका चिठ्ठीवर लिहून घे. तालुक्यातील संचांची नावे आणि त्यांचे दर तू गोळा कर. बैठक बोलाविण्याचे काम मी करतो.

आणि कार्यकर्त्यांना एक विनंती. आज सकाळी या वर्गाची सुरुवात ज्या चौघांच्या संबळ-तुणतुण्याने झाली, त्यांना अद्याप काही दिलेले नाही, असे मला मघाशी चहाच्या वेळी कळले. ते चौघे बाहेर लिंबाखाली बसले आहेत. खजिनदारांनी जेवणाची सुट्टी होण्यापूर्वी त्यांचा हिशेब करावा. शाल नको.