सभामंडपाचे सागवान आणि घासकामाची धूळ
(जीर्णोद्धार समितीच्या सभेत केलेले भाषण)



सभामंडपाचे खांब आणि गाभाऱ्याचा दरवाजा घासून झाला. आता पॉलिश कधी, असे जो तो विचारतो. मी सुताराचा मुलगा; नोकरी भोसरीच्या एका पॅटर्न शॉपमध्ये झाली. लाकडी पॅटर्नवर धुळीची कणी राहून रंग चढला, तर ती वाळूच्या साच्यात उमटते आणि थेट लोखंडी ओतीवावर दिसते. म्हणून म्हणतो, दोन दिवस दम धरा.

सागाला उघडी छिद्रे असतात. 220 नंबरच्या पॉलिश पेपरची भुकटी मैद्यासारखी. ती छिद्रांत जाऊन बसते. वरून चपड्याचा हात फिरला की रेषा पांढुरक्या दिसतात, तळहाताला खरखर लागते. मग सगळे पुन्हा घासणे आले, आणि पैसा तर लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलेला.

तरुण मंडळी म्हणतात, कॉम्प्रेसर आणून फुंकून टाकू. पण फुंकलेली धूळ जाते कुठे? तुळयांवर बसते आणि रात्री ओल्या पॉलिशवर उतरते. त्या हवेत तेलपाणी असले तर डाग पडतात ते वेगळेच. त्यापेक्षा व्हॅक्यूम क्लीनर लावावा, नक्षीतली धूळ मऊ कुंचल्याने मोकळी करीत, वरून खाली. मग स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेले फडके रेषेच्या दिशेने फिरवावे. पाण्याचे फडके नको, लाकडाची लव उठते. चपड्याचा पहिला हात बसल्यावर मात्र स्पिरिटही नको, चपडा विरघळतो. तेव्हा कोरडेच फडके. बॅटरी आडवी धरून पाहावे, समोरच्या उजेडात धूळ लपते.

स्पिरिट चटकन पेटते. तेवढा वेळ नंदादीप बाहेर पारावर ठेवण्यास गुरवांनी संमती दिली, त्यांचे आभार.

आणखी एक. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली प्रसिद्ध केले. जुन्या रंगात शिसेही असू शकते. घासणाऱ्या पोरांनी तोंडाला उपरणे बांधले होते. त्याने ही बारीक धूळ अडत नाही. समितीने धुळीचे चांगले मास्क आणावेत. हा खर्च मंदिराचाच समजावा.

पॉलिश शनिवारी सकाळी सुरू होईल. शुक्रवारी संध्याकाळनंतर मंडपात कोणी केरसुणी फिरवू नये. ज्यांच्या घरी जुनी, बरीच धुतलेली सुती धोतरे असतील त्यांनी ती द्यावीत. नव्या कापडाचे तंतू सुटतात.