वाहनांचा धूर आणि नगरांची हवा



बिदरजवळच्या ज्या नौबादच्या जांभ्या खडकाखालून बहामनी अमदानीतील करेज, म्हणजे भुयारी पाट, वाहतो, आणि ज्याच्या खोदकामात पाण्याबरोबर वाऱ्यासाठीही उभे कूप ठेवण्याची दूरदृष्टी कारागिरांनी दाखविली, त्या गावी मोठ्या नगरांतील वाहनांनी बिघडविलेल्या हवेविषयी बोलण्यास मी उभा आहे. भालकी, बसवकल्याण, औराद आणि सीमेपलीकडील उदगीर-देगलूर या आपल्या तालुक्यांतील तरुण पोटासाठी हैदराबाद, पुणे, मुंबई गाठतात. तेथील चौकांत, रिक्षांत, बांधकामांवर त्यांचे दिवस जातात. तेव्हा त्या शहरांची हवा हा आपल्याच घरचा प्रश्न आहे.

मुंबईचा दाखला प्रथम घेतो. 1925 साली व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची आगगाडी धावू लागली आणि ट्रामही 1964 पर्यंत चालू होती. म्हणजे रस्त्यावर धूर न सोडता लाखो माणसांची ने-आण करण्याची विद्या त्या नगरीस मोटारींच्या सुकाळापूर्वीच अवगत होती. पुढे रस्ते डिझेलच्या काळ्या धुराने भरले, आणि 1999 साली ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संस्थेने उच्च न्यायालयात फिर्याद नेली. न्यायालयाच्या हुकुमाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जुन्या टॅक्सींवर बंधने आली आणि सीएनजीचा अंमल वाढत गेला. फेब्रुवारी 2000 पासून शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले, आणि लहान मुलांच्या बुद्धीवर घाला घालणारे एक विष रस्त्यावरून हद्दपार झाले. ज्या डिझेलमध्ये एकेकाळी शेकडा एक भागापर्यंत गंधक चालत असे, त्यात 1 एप्रिल 2020 पासून, म्हणजे भारत स्टेज सहा लागू झाल्यापासून, दहा लाख भागांत फक्त दहा भाग गंधकाला मुभा आहे. इंधनातील गंधक आधी काढल्यावाचून गाडीतील धूर शुद्ध करणारी यंत्रणा टिकत नाही, म्हणून तेलशुद्धीकरण कारखान्यांना प्रथम कोट्यवधी रुपये खर्चावे लागले. एवढे मोठे काम शासन, न्यायालय आणि नागरिक यांनी मिळून केले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तरीही मुंबईची हवा निर्मळ का झाली नाही? कारण एकेका गाडीचा धूर घटत असतानाच गाड्यांची संख्या बेसुमार वाढली. गेल्या दीड दशकात मुंबईतील नोंदणीकृत वाहने दुपटीहून अधिक झाली, आणि त्याच काळात ‘बेस्ट’ या नगराच्या बससेवेचा ताफा चार हजारांवरून तीन हजारांच्या आत आला. जी बस साठ माणसे नेते, ती बंद पडली की तीच माणसे दुचाकीवर आणि मोटारीत रस्त्यावर येतात. कोंडीत अडकलेली इंजिने जागच्या जागी धगधगत राहतात. टायर, ब्रेक आणि रस्त्याची धूळ तर विजेच्या गाडीनेही उडते. डोळ्यांत भरणारा काळा धूर गेला, पण नायट्रोजनची ऑक्साइडे आणि फुप्फुसांच्या तळाशी उतरणारे सूक्ष्म कण राहिले. 2009 च्या राष्ट्रीय मानकाने या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम ठरविली, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 5 मायक्रोग्रॅम सुचविले; आपली मानके पाळली तरी श्वास निर्धोक होत नाही, हे मी स्पष्टपणे सांगू इच्छितो. इंधन बदलण्याचे कष्ट आपण घेतले, रस्ता कोणासाठी आहे हा प्रश्न मात्र टाळला.

हा टाळलेला प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. 2019 च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात मानकांबाहेर गेलेल्या नगरांच्या यादीत कलबुर्गीचे नाव नोंदले गेले. तेथील धुळीला वाडी, शहाबाद, सेडमच्या परिसरातील चुनखडी व सिमेंटचे कारखाने आणि मोडके रस्तेही कारण आहेत, त्यामुळे सारा दोष वाहनांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पण हुमनाबादवरून जाणाऱ्या पुणे-हैदराबाद महामार्गावर रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला पुढील चित्राची कल्पना सहज येईल. बिदर-कलबुर्गी लोहमार्ग 2017 साली खुला झाला, ही आपल्या हाती आलेली मोठी संधी आहे. त्याच्या गाड्या वाढल्या, वेळा नोकरदार आणि विद्यार्थ्यांच्या सोयीच्या झाल्या, स्थानकापासून गावात नेणारी बस वेळेवर मिळाली, तर हजारो दुचाक्या रस्त्यावर येणारच नाहीत. मुंबईने गमावलेले आपण गमावण्याआधीच राखू शकतो.

या संमेलनातील विज्ञानलेखकांकडे माझी एक मागणी आहे. आपापल्या शहरातील हवेच्या नोंदी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मिळवून दर महिन्याला वृत्तपत्रांत सोप्या भाषेत छापाव्यात, शाळेच्या फाटकाशी आणि बसस्थानकाशी मापनयंत्र बसविण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावेत, आणि त्या अर्जांचा मसुदा मराठीबरोबर कन्नडमध्येही करावा, म्हणजे दप्तरात तो बाजूला पडणार नाही. पहिल्या मसुद्यासाठी आज दुपारच्या सत्रानंतर आपण येथेच बसू.