सिद्धार्थाने घर का सोडले? – अभ्यासाची एक वाट

(रोहणा येथील विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने आम्हांला विषय दिला तो असा : 'धर्मांचा तौलनिक अभ्यास आणि आपण'. विषय विद्यापीठाच्या सभागृहात शोभावा असा भारदस्त आहे. हिंदू, बौद्ध, शीख अशा तीन परंपरांचा विचार, त्यांची संस्कृती, त्यांचा समाज, हे सगळे तासाभरात सांगतो असे कोणी म्हणाले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही एकच प्रश्न घेऊन आलो आहोत, आणि तो आपल्या घरातलाच आहे. सिद्धार्थ गौतमाने घर का सोडले?

तुम्ही म्हणाल, हे तर शाळेतल्या पोराला माहीत आहे. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी. कॅलेंडरवर ही चार दृश्ये असतात, कित्येक विहारांच्या भिंतींवरही रंगवलेली असतात. आणि वर्षावासात त्याच भिंतीखाली बसून आपण 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. त्यात काय आहे? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचे भांडण, युद्धाचा ठराव, सिद्धार्थाचा विरोध आणि परिव्रज्या. एका गावी वर्षावासाचे वाचन संपल्यावर एका वयस्क उपासिकेने आम्हांला सरळ विचारले, "सर, भितीवर एक अन् पुस्तकात दुसरं. आमी काय मानाव?" पीएच.डी.चे कितीतरी प्रबंध आम्ही चाळले आहेत. एवढा नेमका प्रश्न त्यात क्वचितच सापडला.

चला तर, कुठे काय लिहिले आहे ते पाहू.

चार दृश्यांची गोष्ट पालि त्रिपिटकात आहे. दीघनिकायाच्या महापदान सुत्तात ती सविस्तर येते. पण तिथे ती विपस्सी नावाच्या फार पूर्वीच्या बुद्धाची म्हणून सांगितली आहे, आपल्या गौतमाची म्हणून नाही. पुढे चरित्रे आणि अट्ठकथा रचल्या गेल्या तेव्हा ती गौतमाला लावली गेली. आणि मध्यरात्री झोपलेल्या बायको-लेकराला सोडून, छन्नाला घेऊन, कंथक घोड्यावर बसून निघून जाणे? मज्झिमनिकायाच्या अरियपरियेसन सुत्तात भगवान स्वतःच्या तोंडाने सांगतात की आपण तरुण होतो, केस काळेभोर होते, आईवडील डोळ्यांत पाणी आणून रडत होते, आणि अशा वेळी आपण केस-दाढी उतरवून घर सोडले. आईवडील रडत आहेत याचा अर्थ त्यांना माहीत होते. यात चोरून पळणे कुठे आले?

तिसरे सुत्तनिपातातले अत्तदंड सुत्त. ते ज्या अट्ठकवग्गात आहे तो भाग त्रिपिटकातल्या अत्यंत जुन्या भागांपैकी मानला जातो. इथे भगवान आपल्या मनात संवेग कसा उपजला ते सांगतात. हाती दंड घेतल्यानेच भय निर्माण झाले. थोड्या पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसे एकमेकांविरुद्ध उठलेली पाहिली आणि भीती वाटली, असा त्याचा आशय आहे. म्हणजे म्हातारा माणूस दिसला म्हणून नव्हे, भांडणारी माणसे दिसली म्हणून.

ही तिन्ही सुत्ते शेजारी शेजारी ठेवून मराठीत हा प्रश्न मांडला तो धर्मानंद कोसंबी यांनी, १९४०-४१ साली निघालेल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात. या माणसाची आठवण वर्धा जिल्ह्यात तरी व्हायलाच पाहिजे. गोव्यातल्या साखवाळचा १८७६ चा जन्म. लहान मुलांच्या मासिकातला बुद्धचरित्रावरचा एक लेख वाचून या गृहस्थाला ध्यास लागला. १८९९ मध्ये घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, बुद्धगया असे पायपीट करत १९०२ मध्ये श्रीलंकेत सुमंगल महास्थविरांच्या विद्योदय परिवेणात पोचले आणि तिथे पालि शिकले. कलकत्त्याला विद्यापीठात अडीचशे रुपये पगाराची सोय होत असताना, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे महिना पन्नास रुपये त्यांनी पत्करले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहायचे आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचे. अडीचशे सोडून पन्नास! आज आपल्या घरात कोणी असे केले तर आपण त्याला काय म्हणू, ते इथे माईकवर बोलायला नको. पुढे १९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालि शिकवली. अमेरिकेत हार्वर्डला 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनावर काम केले, रशियात लेनिनग्राडला शिकवून आले, मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार काढला. आणि शेवटी ४ जून १९४७ रोजी, अन्नत्याग करून, आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला. आपल्या किती सहली सेवाग्रामला जातात. त्यातल्या किती मुलांना हे नाव सांगितले जाते?

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, हे आपण जाणतोच. सयाजीरावांची मदत त्यांनाही मिळाली. पण एक फरक पाहा. धर्मानंदांना काशीत संस्कृत शिकता आले, अन्नछत्रात जेवता आले, कारण ते जन्माने ब्राह्मण होते. भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला संस्कृत हवे असताना शाळेत फारसी घ्यावी लागली. एकाच देशातले दोन बुद्धिमान विद्यार्थी. एकाला ग्रंथालयाचे दार उघडे, दुसऱ्याला बंद. आणि ज्याला बंद होते त्याने काय केले? संस्कृत स्वतः शिकला, पालि शिकला, पालि व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात १९९८ साली तो छापला आहे. तो खंड किती विहारांत आहे, याची चौकशी करायला आम्हांला भीती वाटते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी चार प्रश्न उभे केले. त्यातला पहिला हाच : वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत माणसाने म्हातारा, आजारी, प्रेत पाहिलेच नाही, हे पटण्यासारखे आहे का? मग त्यांनी शाक्य संघाची सभा रंगवली. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ म्हणतो, दोघे त्यांचे, दोघे आपले, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निकाल द्यावा. ठराव पडतो. मग त्याला धमकी मिळते, तुझ्या घरावर सामाजिक बहिष्कार घालू, तुमची जमीन जप्त करू. बंधूंनो, 'सामाजिक बहिष्कार' हा शब्द आला की आपल्या म्हाताऱ्या माणसांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाण्यावरून भांडण म्हणजे काय हेही नाही. सिद्धार्थ घरच्यांचे वाटोळे होऊ नये म्हणून देशत्याग करतो. आम्हांला विचाराल तर बुद्धचरित्रातला इतका मानवी प्रसंग दुसरा नाही.

पण इथे आम्हांला एक अवघड गोष्ट बोलायची आहे. ती शांतपणे ऐकून घ्यावी.

रोहिणीच्या पाण्याचे भांडण अट्ठकथांमध्ये येते, धम्मपदाच्या आणि जातकाच्या. पण तिथे ते बुद्धत्वप्राप्तीनंतरचे आहे. भगवान स्वतः मध्ये उभे राहून ते मिटवतात. गृहत्यागापूर्वी असे भांडण झाले आणि त्यामुळे गृहत्याग घडला, हा अत्तदंड सुत्ताच्या आधारे काढलेला निष्कर्ष आहे. कोसंबींनी तो मांडला, आणि बाबासाहेबांच्या मांडणीचा त्याच्याशी संबंध अनेक अभ्यासक जोडतात. शस्त्रे आणि कलह पाहून मन विटले याला सुत्ताचा भक्कम आधार आहे. ते भांडण नेमके रोहिणीचेच, याला तेवढा भक्कम आधार नाही. दोन्हींत फरक आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे.

असे बोललो की कोणीतरी उठून म्हणतो, "सर, तुम्ही बाबासाहेबांवर शंका घेता काय?" मग आम्ही त्याच प्रस्तावनेचे पान उघडून देतो. हे प्रश्न आपण यासाठी उभे करत आहोत की वाचकांनी पुढे यावे आणि उत्तरे शोधायला हातभार लावावा, असे बाबासाहेब तिथे म्हणतात. त्यांनी आपल्याला कामाला लावले आहे. हे काम मनावर घेतले ते भदंत आनंद कौसल्यायनांनी. मूळचे पंजाबचे, पण १९४० च्या दशकात वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम पाहत होते, म्हणजे तेही आपलेच. बाबासाहेबांच्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना त्यांनी कोणता उतारा पालि त्रिपिटकात कुठे आहे याचा शोध घेतला. श्रद्धा नसती तर एवढे कष्ट कोण घेईल?

दुसऱ्या धर्मांचा अभ्यास तरी कशाला, असेही विचारले जाते. तर बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला घोषणा केली आणि दीक्षा घेतली १९५६ साली. मधली एकवीस वर्षे ते धर्म तपासत होते. १९३६ मध्ये अमृतसरला शिखांच्या परिषदेला गेले. शीख पंथाचा विचार त्यांनी वरवर केला नव्हता. आणि आपण मराठी माणसांनी तर तिकडे पाहिलेच पाहिजे. आपल्या नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी ती आदिग्रंथात घेतली, कबीर आणि रविदासांच्या पदांशेजारी. शिंपी, विणकर, चर्मकार एका ग्रंथात, आणि त्या ग्रंथापुढे राजाही माथा टेकतो. यापुढे जातिभेद गेला की राहिला, तो निराळा प्रश्न, आणि तोही अभ्यासाचाच.

तेच विठ्ठलाचे. समोर वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर, तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. आपली पोरं छातीठोक सांगतात की पंढरपूरचा विठोबा म्हणजे बुद्धच. बाबासाहेब २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला तसे म्हणाले होते, आणि त्यावर ग्रंथ लिहायचा त्यांचा मानस होता. तेवढे आयुष्य मिळाले नाही. पुढे रा. चिं. ढेरे यांनी १९८४ मध्ये 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' लिहिले. त्यांनी विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले, आणि संत त्याला बौद्धावतार म्हणत हेही नोंदवले. हे पुस्तक न वाचता वाद घालणाऱ्याला, मग तो आपला असो की वारकरी, आम्ही फार मोजत नाही.

ओघात एक गंमत सांगतो. बोलावणे आले तेव्हा एक उत्साही तरुण म्हणाला, "सर, रोहिणी आणि रोहणा! आपल्या गावाचा काही संबंध असन का?" नाही बापा. नाव सारखे दिसले म्हणून नाते लागत नाही. पुरावा पाहिजे असेल तर पवनीला जा. भंडारा जिल्ह्यात १९६९-७० च्या उत्खननात तिथे स्तूप निघाले, आणि दगडांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली सापडली. आपल्या विहारातल्या पंख्यावरही दात्याचे नाव आहेच! विदर्भात बौद्ध परंपरा दोन हजार वर्षांपूर्वीची आहे, हे सांगायला एवढे दगड पुरेत.

राहिला आजचा प्रश्न. २०१३ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतून पालि हा वैकल्पिक विषय काढला गेला, तेव्हा आपण निवेदने दिली, मोर्चे काढले. ते बरोबरच होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबर पालिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले. तेही ठीक. नागपूर विद्यापीठात पालिचा विभाग आहे, वर्ध्याला हिंदी विश्वविद्यालयात भदंत कौसल्यायनांच्या नावाने बौद्ध अध्ययनाचे केंद्र आहे. पण तिथे येणाऱ्या पुष्कळ मुलांना पालि हवी असते ती गुणांसाठी. त्यांना दोष देत नाही. नोकरी कोणाला नको? आमची तक्रार निराळी आहे. पदवी मिळाली की तो विद्यार्थी विहारात येऊन बसत नाही, आणि विहारातली माणसे त्याला काही विचारत नाहीत. दोघांची गाठच पडत नाही. त्यामुळे भिंतीवर एक अन् पुस्तकात दुसरे, हे तसेच राहते.

म्हणून समितीशी बोलून एक ठरवले आहे. येत्या आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासात बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन रोजच्यासारखे चालेलच. त्याखेरीज दर रविवारी अत्तदंड सुत्त वाचायचे. सुत्त वीस गाथांचे आहे. एका रविवारी दोन गाथा, आधी पालित, मग शब्दाशब्दाचा अर्थ मराठीत. दहा रविवारांत ते संपेल. आश्विन पौर्णिमेपर्यंत दोन-तीन रविवार उरतात, ते वादासाठी ठेवू, वाद होणारच. निंदणाचे, डवरणीचे दिवस असतात हे ध्यानात घेऊन वेळ रात्री आठची ठेवली आहे. गाथांच्या प्रती आम्ही आणू, सोबत वही-पेन मात्र ज्याचे त्याने आणावे. वाचता येत नाही अशा आयाबहिणींनी पुढे बसावे. भिक्खूंनी हे ग्रंथ आधी शेकडो वर्षे ऐकूनच पाठ ठेवले होते, तेव्हा त्यांची काही अडचण होणार नाही. ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी भोजनदानाच्या वेळी महिला मंडळाच्या भगिनींकडे द्यावे.

जयभीम. नमो बुद्धाय.