शाळेचा ब्राउझर : निवड आणि व्यवस्था
(खंडाळा येथील शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा पाठ)



आजच्या परिषदेत मला नेमून दिलेला विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. वाचनपाठ, संख्याज्ञान, उपस्थिती, गळती हे आपले नेहमीचे विषय. ‘रोजच्या वापरासाठी ब्राउझर कसा निवडावा व तो कसा लावून घ्यावा’ हा प्रश्न यंत्रज्ञाचा आहे, शिक्षकाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. काही वर्षांपूर्वी माझेही मत तसेच होते. ते का बदलले, हे प्रथम सांगितले पाहिजे. कारण त्यात दोष माझा आहे.

मी त्या वेळी मुख्याध्यापक होतो. विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरण्याचा शेवटचा दिवस होता आणि शाळेतील वीज सकाळपासून गेलेली होती. मी बाजारातील एका दुकानात गेलो, तेथील संगणकावर बसलो आणि संध्याकाळपर्यंत काम उरकले. मध्येच पडद्यावर एक लहानशी चौकट आली : ‘पासवर्ड जतन करावा काय?’ घाईत मी ‘होय’ दाबले व पुढे गेलो. दोन आठवड्यांनी गावातील एक तरुण मला वाटेत भेटला व म्हणाला, “गुरुजी, काल त्या दुकानात नोकरीचा अर्ज भरायला बसलो, तर तुमच्या शाळेतली सगळी पोरं माझ्यासमोर उघडली.” नावे, जन्मतारखा, जाती, पालकांचे मोबाइल क्रमांक, सर्व काही. तो तरुण सज्जन होता, म्हणून त्याने सांगितले. कोणाचे नुकसान झाले नाही, हे माझे सुदैव. त्यात माझी दक्षता मुळीच नव्हती.

त्या रात्री मला शाळेतील लोखंडी कपाट आठवले. आपले जनरल रजिस्टर आपण कसे जपतो, हे आपणांस ठाऊक आहे. त्यात खाडाखोड चालत नाही. ते बाहेर नेता येत नाही. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांजवळ असते. पन्नास वर्षांपूर्वी शाळा सोडलेला मनुष्य दाखल्यासाठी येतो, तेव्हा त्याचा जन्म आणि त्याची जात त्या पानावर सुरक्षित सापडते. हे पान चार भिंतींच्या आत राहील, या विश्वासावर पालक आपणांस घरची माहिती सांगतात. आता यू-डायस प्लसवर २०२२-२३ या वर्षापासून विद्यार्थीनिहाय माहिती भरली जाते. म्हणजे रजिस्टराची पाने कपाटाबाहेरही गेली आहेत, आणि त्यांच्याकडे जाणारे दार म्हणजे ब्राउझर. कपाटाला कुलूप घालणारा शिक्षक या दाराविषयी मात्र बेफिकीर असतो. कारण ते दार त्याला दार वाटत नाही.

यास्तव प्रथम संज्ञा स्पष्ट करू. पुष्कळ जण ‘गूगल उघडा’ असे म्हणतात व त्यात तीन निराळ्या गोष्टी एकत्र करतात. शिरवळहून लोणंदला जावयाचे आहे असे समजा. रस्ता म्हणजे इंटरनेट. आपण ज्या गाडीत बसतो, ती गाडी म्हणजे ब्राउझर. फाट्यावर थांबून ज्याला वाट विचारतो, तो मनुष्य म्हणजे सर्च इंजिन. वाट सांगणारा बदलला तरी गाडी तीच राहते, आणि गाडी बदलली तरी रस्ता तोच राहतो. क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी, ऑपेरा, ब्रेव्ह ही गाड्यांची नावे होत.

ही गाडी फार जुनी नाही. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सेर्न या संशोधन संस्थेत १९९० साली पहिला ब्राउझर तयार केला. एप्रिल १९९३ मध्ये सेर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझेकमुळे चित्रे आणि मजकूर एकाच पानावर दिसू लागले व सामान्य माणूस याकडे वळला. पुढे १९९४ साली नेटस्केप, १९९५ साली इंटरनेट एक्स्प्लोरर, २००४ साली फायरफॉक्स आणि २००८ साली क्रोम आले. एके काळी पुष्कळ सरकारी संकेतस्थळे इंटरनेट एक्स्प्लोररवरच नीट चालत, म्हणून आपल्यापैकी अनेकांना त्याची सवय जडली. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी त्याचा आधार काढून घेतला. अजून एखाद्या शाळेच्या संगणकावर त्याचे निळे चिन्ह असेल, तर ते वापरू नये.

आता निवडीकडे वळू. कोणता ब्राउझर सर्वांत चांगला, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. प्रश्न तसा विचारू नये. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह ही सर्व क्रोमियम या एकाच पायावर उभी आहेत. वेगाच्या बाबतीत त्यांच्यात सामान्य वापरणाऱ्यास जाणवेल असा फरक क्वचितच असतो. फायरफॉक्सचा पाया वेगळा आहे. क्रोम गूगलचे आहे व त्या कंपनीचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे. फायरफॉक्समागे मोझिला ही ना-नफा संस्था आहे. तथापि तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलकडूनच येतो, हेही सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. म्हणून कोणाच्या नावाची भक्ती न धरता तीन कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी अशी की, त्या ब्राउझरला आपल्या संगणकावर अद्ययावत सुधारणा मिळतात काय? नवे दोष सापडतात, तसतसे ते बुजवावे लागतात. शाळेचा संगणक विंडोज ७ वर असेल, तर त्यावर क्रोमची १०९ ही आवृत्ती शेवटची; ती जानेवारी २०२३ मधील आहे. अशा संगणकावर मुलांची माहिती भरू नये. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, याची नोंद मुख्याध्यापकांनी घ्यावी. दुसरी कसोटी अशी की, ज्या संकेतस्थळांवर आपले रोजचे काम आहे ती त्यात नीट चालतात काय? तिसरी, तो आपणांस हवा तसा लावून घेता येतो काय?

या कसोट्यांवरून माझी सूचना अशी आहे की, शाळेत एकाऐवजी दोन ब्राउझर ठेवावेत. एक दप्तराचा आणि दुसरा वर्गाचा. दप्तराचा म्हणून क्रोम किंवा एज घ्यावा. कारण कार्यालयीन संकेतस्थळे बहुधा त्यांवर तपासलेली असतात. वर्गाचा म्हणून फायरफॉक्स घ्यावा. ज्या कपाटात जनरल रजिस्टर असते, त्याच कपाटात आपण मुलांची गोष्टींची पुस्तके ठेवीत नाही. कारण ते कपाट दिवसातून दहा वेळा उघडावे लागेल आणि मग कुलपाला अर्थ राहणार नाही. हाच न्याय येथे लावावयाचा आहे.

दप्तराच्या ब्राउझरची व्यवस्था अशी असावी. सेटिंगमध्ये जाऊन ‘पासवर्ड जतन करण्याविषयी विचारा’ हा पर्याय बंद करावा. मग माझ्यासारखी चूक घाईतही होणार नाही. कोणाही शिक्षकाने आपले वैयक्तिक खाते त्यात जोडू नये. जोडल्यास घरचे बुकमार्क आणि पासवर्डही शाळेच्या संगणकावर येऊ शकतात. ‘जेथे सोडले तेथून सुरू करा’ हा पर्याय घरी सोयीचा असला, तरी सामाईक संगणकावर घातक आहे. सर्व खिडक्या बंद करताच कुकी पुसल्या जातील, अशी सोय प्रमुख ब्राउझरांत आहे. ती चालू करावी. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपली ओळख ठेवण्यासाठी दिलेली चिठ्ठी. ती राहिली, तर पुढे बसणाऱ्यास पासवर्डावाचून आत जाता येते. आणि काम संपताच प्रथम ‘लॉगआउट’ करावे. नुसती खिडकी मिटणे म्हणजे कपाट लोटून घेणे, कुलूप घालणे नव्हे.

नित्याच्या संकेतस्थळांचे पत्ते एकदा नीट पाहून बुकमार्क करून ठेवावेत. कंट्रोल व डी ही अक्षरे एकत्र दाबली की बुकमार्क होतो. दर वेळी नाव टाकून शोधू नये. शोधाच्या निकालांत वरच्या ओळी पुष्कळदा जाहिरातींच्या असतात आणि नावाशी मिळतीजुळती खोटी पानेही असतात. पत्त्यापाशी कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे संकेतस्थळ खरे, असा एक समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. आपली माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही, एवढेच ते चिन्ह सांगे. पलीकडे बसलेला मनुष्य सज्जन आहे, असे ते सांगत नसे. हा गैरसमज पाहूनच क्रोमने २०२३ साली ते चिन्ह बदलले. म्हणून चिन्हापेक्षा पत्ता वाचावा. सरकारी पत्ते बहुतेक ‘जीओव्ही डॉट इन’ या अक्षरांनी संपतात.

पावती किंवा अहवाल उघडत नाही, अशी तक्रार येते. पुष्कळदा ती नव्या खिडकीत उघडणार असते व ब्राउझर तिला अडवितो. अशा वेळी सर्वच खिडक्यांना मोकळीक न देता त्या एका संकेतस्थळापुरती परवानगी द्यावी. याउलट ‘सूचना पाठवू का?’ असे कोणतेही पान विचारील, तेव्हा नकार द्यावा. काही शाळांच्या पडद्यावर कोपऱ्यातून अभद्र जाहिराती येत असल्याचे मी पाहिले आहे. त्याचे मूळ कोणीतरी नकळत दिलेल्या या परवानगीत होते.

आता वर्गाचा ब्राउझर. हा मुलांसमोर उघडावयाचा आहे. म्हणून तो मराठीत करून घ्यावा. फायरफॉक्स आणि क्रोम या दोहोंची भाषा मराठी करता येते. चौथीतील मूल पडद्यावरील ‘मागे’, ‘पुढे’, ‘शोधा’ हे शब्द स्वतः वाचते, तेव्हा यंत्राविषयीची त्याची भीती अर्धी होते. सुरुवातीच्या पानावर बालभारतीची ई-पुस्तके, दीक्षा आणि मराठी विश्वकोश यांचे दुवे ठेवावेत. मागच्या बाकावरील मुलाला दिसावे म्हणून कंट्रोल व अधिक हे चिन्ह दाबून अक्षर मोठे करावे. कंट्रोल व शून्य दाबले की ते पूर्ववत होते. जाहिराती थांबविण्यासाठी यूब्लॉक ओरिजिन हा विस्तारक फायरफॉक्सवर विनामूल्य मिळतो. तथापि विस्तारक एकदोनच असावेत. ‘सर्व संकेतस्थळांवरील आपली माहिती वाचणे व बदलणे’ एवढी मोठी परवानगी काही विस्तारक मागतात. अशा पाहुण्यास घरात घेण्यापूर्वी विचार करावा. आणि दप्तराच्या ब्राउझरमध्ये तर एकही विस्तारक नसावा.

नाइलाजाने परक्या संगणकावर बसावेच लागले, तर ‘इन्कॉग्निटो’ किंवा खासगी खिडकी उघडून काम करावे व शेवटी ती बंद करावी. त्या संगणकावर आपला इतिहास व कुकी राहणार नाहीत. परंतु उतरवून घेतलेल्या फाइली तेथेच राहतात. त्या हाताने पुसाव्यात. ही खिडकी म्हणजे अदृश्य होण्याचा मंत्रही नव्हे. समोरच्या संकेतस्थळास आपण दिसतोच.

कोणी म्हणेल, एवढा वेळ कोठून आणावा? मी हे सर्व एका शाळेत घड्याळ लावून केले. पाऊण तास लागला. पाऊण तास एकदा, आणि नंतर वर्षभर निश्चिंती. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक मानला आहे व बालकांच्या माहितीस विशेष संरक्षण दिले आहे. परंतु मी आपणांस कायद्याचा धाक घालावयास उभा नाही.

आपल्या याच तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. ज्या काळी मुलीचे नाव शाळेच्या पटावर घालणे हेच धाडस होते, त्या काळी त्यांनी ती नावे घातली. आज पटावर नाव घालणे सोपे झाले आहे. ते नाव, तो पत्ता, तो मोबाइल क्रमांक भलत्या हाती न जाऊ देणे, हे आपल्या वाट्याला आलेले काम आहे. ते त्यांच्या कामाच्या मानाने फारच लहान आहे. म्हणून तरी ते आपल्या हातून चुकू नये.

उद्या शाळा उघडल्यावर प्रार्थनेपूर्वी संगणक सुरू करा आणि पासवर्डांची यादी उघडून पाहा. त्यात काही सापडले तर पुसा, आणि पासवर्ड बदला. एवढे केलेत, तरी माझ्या त्या चुकीचा काही उपयोग झाला असे मी समजेन.