चोराचं नाव काय?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉलेजात इंग्रजी शिकवतेस, तर हल्लीची मुलं ड्रॅगन-जादूगारांची जी जाडजूड पुस्तकं वाचतात, त्यांवर बोल." वेळ थोडा आहे, म्हणून एकाच चोराची गोष्ट सांगते.

'बेओवुल्फ' हे जुन्या इंग्रजीतलं महाकाव्य. त्याची हजार वर्षांपूर्वीची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे आणि 1731 च्या आगीत तिच्याही कडा जळाल्या. काव्याच्या शेवटी एक ड्रॅगन खजिन्यावर पहारा देत असतो. मालकाच्या माराला भिऊन पळालेला कुणी एक गरीब माणूस आत शिरतो आणि एक पेला उचलतो. चवताळलेला ड्रॅगन मुलूख जाळत सुटतो. त्याला मारताना म्हातारा राजा बेओवुल्फही मरतो. ज्याच्यामुळे हे घडलं, त्याचं नाव मात्र कवी सांगत नाही.

हे काव्य ऑक्सफर्डला शिकवणारे प्राध्यापक म्हणजे टॉल्कीन. विद्वान मंडळी या काव्यात इतिहास शोधत आणि राक्षसांना पोरकट मानत. राक्षस हाच काव्याचा गाभा आहे, असं टॉल्कीन यांनी 1936 च्या व्याख्यानात ठासून मांडलं. पुढच्याच वर्षी त्यांचं 'द हॉबिट' आलं. त्यातल्या बहुतेक बुटक्यांची आणि खुद्द जादूगार गॅंडाल्फचं नाव 'वोलुस्पा' या प्राचीन नॉर्स काव्यातलं आहे. पण नावं उचलणं सोपं. टॉल्कीननी त्या चोराला घर दिलं, खाण्यापिण्याची आवड दिली, भीती दिली आणि बिल्बो हे नाव दिलं. बिल्बोही पेलाच उचलतो, इथेही गाव जळतं. आपण मात्र आता सगळं चोराच्या डोळ्यांनी बघतो.

असे बिननावाचे लोक आपल्याकडेही आहेत. लाक्षागृहाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पांडव भुयारातून निसटले, पण त्या रात्री जेवायला आलेली एक निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे आत झोपलेले होते. ते जळाले. लोकांनी त्यांचेच देह कुंती आणि पांडवांचे समजले, म्हणून पांडव सुखरूप राहिले. त्या बाईचं नाव महाभारतात नाही. बंगालीत महाश्वेतादेवींनी या सहा मृत्यूंचा कुंतीला जाब विचारणारी कथा लिहिली.

माझ्याकडे पालक येतात आणि म्हणतात, "बाई, त्या राक्षसांच्या पुस्तकांत वेळ वाया जातो." मी त्यांना बिल्बोची आणि त्या निषादीची गोष्ट सांगते. जुन्या कवीनं दोन ओळींत उरकलेल्या माणसाजवळ कुणीतरी थांबतं, तिथून नवं पुस्तक सुरू होतं.

आपल्यातले बरेच जण आता आजी-आजोबा झाले आहेत. गोष्ट सांगताना नातवंडानं मध्येच विचारलं, "पण त्या बाईचं नाव काय होतं?" तर "ते महत्त्वाचं नाही, पुढचं ऐक" असं म्हणू नका. त्यालाच विचारा, "तुला काय वाटतं?" आणि मग तुम्ही ऐका.