मोठी गोळी आणि पायातल्या मुंग्या

डॉक्टर मित्रमैत्रिणींनो आणि औषधविक्रेते बंधूंनो,

थेट कामाचं बोलतो.

पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या कुठल्याही दवाखान्यात बसा, मधुमेहाच्या चिठ्ठीवर मेटफॉर्मिन दिसणारच. कधी एकटं, कधी ग्लिमेपिराइडच्या जोडीला. पेशंटसाठी ती ‘मोठी गोळी’. एखादा शाकाहारी गृहस्थ स्ट्रिप पुढे करून कुरकुरतो, “डॉक्टर, हिला मासळीचा वास येतो हो!” येतोच. रेणूच तसा आहे, कंपनी बदलून फारसा फरक पडत नाही.

हिचा पूर्वज म्हणजे युरोपातली गॅलेगा नावाची रानवनस्पती. १९२२ साली डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी मेटफॉर्मिन तयार केलं, पण पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी मधुमेहींवरचे निष्कर्ष छापले ते १९५७ साली. त्याच गटातलं फेनफॉर्मिन लॅक्टिक ॲसिडोसिसमुळे बाद झालं आणि ती बदनामी हिलाही भोवली. अमेरिकेत मान्यता मिळायला १९९४ उजाडलं. १९९८ मध्ये ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाने दाखवलं की वजन जास्त असलेल्या मधुमेहींमध्ये या गोळीने हार्ट अटॅक आणि मृत्यूही कमी होतात. मग काय, गाडी सुसाट सुटली.

आता ती सगळ्यावर चालते असं ऐकतो. पीसीओएसमध्ये पाळी नियमित व्हायला मदत होते, ते मान्य. कर्करोगाचं मात्र जपून बोला. मधुमेह नसलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला; आजार उलटण्याचं प्रमाण काही घटलं नाही. आयुष्य वाढावं म्हणून धडधाकट माणूस ती मागायला आला, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवतो.

मला बोलायचंय ते पायांबद्दल. “तळवे जळतात, मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही.” हे ऐकलं की आपण न्यूरोपॅथी लिहितो, साखरेला दोष देतो आणि प्रीगाबॅलिन जोडतो. बी-१२ची तपासणी सांगायची राहूनच जाते. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं आणि नेमकं तिथे मेटफॉर्मिन आडवं येतं. नेदरलँड्समध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ३९० रुग्णांवर चार वर्षांहून जास्त काळ चाचणी झाली. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ इतरांच्या तुलनेत १९ टक्क्यांनी घसरलं, आणि घसरण वर्षागणिक वाढत गेली.

तिकडे ताटात मांस, दूध, चीज असतं. आपल्याकडे? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास २००६ मध्ये छापला. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात ८१ टक्क्यांचं. म्हणजे मोठी गोळी सुरू व्हायच्या आधीच डबा रिकामा! त्यावर आपण सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल चढवतो, तेही वर्षानुवर्षं. पोटातलं आम्ल घटलं की अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. हा दुसरा फटका आपल्याच पेनाचा.

पनवेलच्या आगरी-कोळी घरांतून मासळी असते, त्यांची बाजू जरा भक्कम. श्रावणात बंद केली म्हणून बिघडत नाही, यकृतातला साठा पुष्कळ पुरतो. पण मासळी खातात म्हणून तपासणी टाळू नका. शोषणच अडलं तर सुरमई तरी काय करणार?

अडचण पैशांची आहे, कबूल. खासगी लॅबमधली बी-१२ची तपासणी महिन्याच्या गोळ्यांपेक्षा महाग पडते. मग निदान निवड करा. चार-पाच वर्षं गोळी चालू, शाकाहारी, आम्लपित्ताची गोळीही चालू, पायांत मुंग्या, अशांना आधी पाठवा. हिमोग्लोबिन बरं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रक्त ठीक दिसत असतानाही नसा झिजतात. आणि नुसतं फोलिक ॲसिड देऊ नका. त्याने रक्त सुधारतं, नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

यावरून गोळी बंद करू नये, हे ठासून सांगतो. बी-१२ भरून द्या, गोळी चालू ठेवा. थांबवायची ती मूत्रपिंडाच्या गाळणीचा वेग तीसच्या खाली गेला तर, किंवा पावसाळ्यात जुलाब-उलट्यांनी माणूस कोरडा पडला तर, तेवढ्यापुरती. औषधविक्रेते बंधूंनो, ओआरएसची पाकिटं मागायला आलेल्याला एवढंच विचारा, “काका, साखरेची गोळी चालू आहे का?” हो म्हणाले, तर आमच्यापैकी कुणाला तरी फोन लावून द्या.